कठडा नसलेलं घर

ऑल्बन ट्रेथवीला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो राखेत उभा होता. सदुसष्ट सालच्या फेब्रुवारीत टास्मानियातल्या होबार्टच्या डोंगराला आग लागली आणि फर्न ट्री गावातली कितीतरी घरं एकाच दुपारी गेली. त्यानंतर वर्षभर तिथली जमीन फुकट दिली तरी कुणी घेत नव्हतं. ऑल्बनने घेतली. काळ्या बुंध्यांमधली, नुसती उतरण असलेली. हातात कागदाची गुंडाळी, बुटांवर राख, आणि अंगात ऑफिसचा कोट. तेहतीस वर्षांचा होता.

मी तेव्हा पंचवीसचा. आमचं कुटुंब हॉलंडहून जहाजाने आलं तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. किंग्स्टनला आमच्या डच मंडळींची वस्ती होती आणि तिथे मी सुतारकाम करायचो. खिळे न वापरता सांधे जुळवणारा सुतार पाहिजे म्हणून कुणीतरी त्याला माझं नाव सांगितलं होतं.

"वीबे म्हणजे तूच का?" त्याने विचारलं. "खिळ्याशिवाय जिना करता येतो तुला?"

"येतो."

"आणि कठड्याशिवाय?"

"कठडा नसला तर माझं काम कमीच की," मी म्हणालो.

तो हसला नाही. त्याने गुंडाळी गाडीच्या बॉनेटवर उलगडली, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले, आणि मला ते घर दाखवलं. उतरणीवर ते पायऱ्यापायऱ्यांनी खाली येत होतं. अर्ध्या-अर्ध्या मजल्याच्या सात पातळ्या, त्यांच्यामध्ये त्रेचाळीस पायऱ्या. संडास सोडला तर आत एकही दार नव्हतं. सगळीकडे काच. असं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं, आणि हे मी त्याला सांगितलं. त्या वाक्यावर आमचं बेचाळीस वर्षांचं काम सुरू झालं.

त्याला एवढा उजेड का हवा होता हे मला पुढे कळलं. तो क्वीन्सटाउनचा, तांब्याच्या खाणीच्या गावचा. धुराने तिथले डोंगर बोडके झालेले. वडील खाणीत. चार खोल्यांचं पत्र्याचं घर, आणि आई दिवसभर खिडक्या लावून, पडदे ओढून बसलेली, कारण उघडलं की गंधकाचा धूर आत. सोळाव्या वर्षी तो होबार्टला सरकारी बांधकाम खात्यात नकाशे गिरवायला लागला आणि आठ वर्षं संध्याकाळच्या वर्गांना जाऊन वास्तुकार झाला. तोवर खात्याने त्याच्याकडून काय आखून घेतलं? शाळांचे संडास. अख्ख्या टास्मानियातल्या शाळांचे. "माझं सगळ्यात जास्त वापरलं गेलेलं काम तेच आहे," असं तो पुढे मोठा झाल्यावर भाषणात सांगायचा आणि लोक हसायचे. तो खरंच सांगत असायचा.

घर बांधताना मर्ल, त्याची बायको, अधूनमधून यायची. प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. चार वर्षांची मुलगी ब्रॉनविन कडेवर घेऊन ती कच्च्या फळ्यांवरून चालायची आणि नेमका प्रश्न विचारायची.

"स्वयंपाकघराचं दार कुठे आहे?"

"दार कशाला? वास, आवाज, माणसं, सगळं एकत्र राहील," ऑल्बन म्हणाला.

"कांदा परतल्यावर कळेल तुला."

"आणि झोपायच्या खोलीला पडदे?" हे तिने मला विचारलं, त्याला नाही. मी रंध्याकडे बघत राहिलो. आता वाटतं, तेव्हा काहीतरी बोलायला हवं होतं. पण मी सुतार होतो, आणि ते जिने खरोखर सुंदर होत होते. भिंतीतून निघालेल्या नुसत्या फळ्या, खाली आधार नाही, बाजूला काही नाही. मी आयुष्यात केलेलं सगळ्यात चांगलं काम तेच.

सत्तर साली घराला देशातलं मोठं बक्षीस मिळालं. मेलबर्नहून, सिडनीहून फोटो काढणारे आले. एकाने मर्लला म्हटलं, "मिसेस ट्रेथवी, जरा बाजूला होता का? तुमच्या फुलाफुलांच्या झग्याने जिना झाकला जातोय." ती बाजूला झाली. मासिकात घर छापून आलं, त्यात एकही माणूस नव्हता. मग दर रविवारी लोक यायला लागले. कधी विद्यार्थी, कधी इमारतींचे शौकीन, कधी घर बांधायचा विचार असलेले डॉक्टर-वकील. ऑल्बन त्यांना वरपासून खालपर्यंत फिरवायचा. त्याआधी मर्ल वाळत घातलेले कपडे, ब्रॉनविनची खेळणी, शिवणाचं मशीन, सगळं गाडीच्या डिकीत भरून यायची, कारण त्या घरात काही लपवायला कपाटच नव्हतं. मग चहा आणि घरी भाजलेले गरम स्कोन. मी एकदा डिकी उघडी बघितली तर आत कुकर होता.

"हा कशाला?" मी विचारलं.

"तो चुकीच्या निळ्या रंगाचा आहे," ती म्हणाली.

ऑल्बनचं नाव झालं. चाळीसेक घरं, उत्तरेकडच्या एका गावाचं वाचनालय, एका कॉलेजची वर्गांची इमारत, पदक, विद्यापीठात शिकवणं. ऑफिसात अकरा माणसं झाली. माझंही घर त्यावरच चाललं. पण गंमत अशी, की लोकांना हवं असायचं ते फर्न ट्रीचंच घर. जमीन सपाट असली तरी मागायचे पायऱ्याच. चौऱ्याऐंशी साली त्याने एका डॉक्टरांसाठी वेगळंच काढलं होतं: एकाच पातळीवरचं साधं घर, मध्ये अंगण, अंगणाभोवती ओसरी, प्रत्येक खोलीला दार. मी नकाशा पाहिला आणि म्हणालो, "ऑल्बन, हे तू केलेलं सगळ्यात चांगलं आहे." तो लाजला होता. डॉक्टरांनी आठवडाभर ठेवून घेतलं आणि परत दिलं. म्हणाले, छान आहे, पण आमच्या हिला ते तरंगत्या पायऱ्यांचं पाहिजे.

त्याने नकाशा खणात टाकला आणि पायऱ्या काढून दिल्या. मी केल्या. तसले एकोणीस जिने केले मी एकंदर. ज्यांनी कठड्याचा आग्रह धरला त्यांना त्याने कठडा दिला, पण त्यांच्याकडे पुन्हा जेवायला गेला नाही.

त्याआधी, अठ्ठ्याहत्तरला, मेलबर्नच्या एका मोठ्या कंपनीने त्याला भागीदार म्हणून बोलावलं होतं. मर्लची तयारी होती. तिची बहीण तिकडे, ब्रॉनविनसाठी शाळाही तिने बघून ठेवली होती. मी त्यांच्या स्वयंपाकघरात एक फळी बदलत होतो, आणि त्या घरात दार नसल्यामुळे कुणाचंच बोलणं कुणापासून लपत नसे.

"घर विकून टाकू," मर्ल म्हणाली.

"विकून? लोक माझ्याकडे येतात ते हे घर बघून येतात. तिकडे मी त्यांना काय दाखवू?"

"तू केलेली बाकीची कामं दाखव."

"मर्ल, बाकीची कामं याचीच पिल्लं आहेत. तुला माहीत आहे."

ती सिंककडे वळली. भांडी विसळायला लागली. मी फळी बसवून निघालो.

दोन हजार तीन सालची गोष्ट. ब्रॉनविन लग्न करून पर्थला गेली होती, ऑल्बनने ऑफिस तरुण भागीदारांना सोपवलं होतं. गावातली जुनी घरं पाडून नवी मोठमोठी होत होती, आणि त्याला धास्ती बसली, की आपल्यानंतर कुणीतरी हे घर विकत घेईल आणि त्याला गॅरेज जोडेल. म्हणून त्याने वारसा जपणाऱ्या समितीकडे स्वतःच अर्ज केला: हे घर संरक्षित करा, आतूनबाहेरून. अठरा पानी अर्ज. तो लिहायचा आणि मर्ल टाइप करायची.

"हे कठड्याबद्दलचं वाक्य ठेवायचंच का?" तिने एकदा विचारलेलं मी ऐकलं.

"तेच तर महत्त्वाचं आहे."

तिने टाइप केलं. अर्ज मंजूर झाला. त्या दिवशी आम्ही तिघांनी वाइन घेतली.

पाच वर्षांनी मे महिन्यात, सकाळी साडेसातला, मर्लला वरच्या जिन्यावर अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली आणि त्या बाजूला धरायला काही नव्हतं. नऊ पायऱ्या पडली. ऑल्बन खालच्या पातळीवर दाढी करत होता.

ती वाचली. बोलणं परत आलं, थोडं जड, पण डोकं पूर्वीसारखंच धारदार. डावा पाय मात्र फरपटत राहिला आणि बहुतेक वेळ चाकांची खुर्ची लागू लागली. घरी सोडायच्या आधी रुग्णालयातली एक बाई घर तपासायला आली. मी होतो तेव्हा तिथे, ऑल्बननेच बोलावलं होतं, कुठे काय बसवायचं ते ठरवायला. बाई टेप घेऊन दारातून आत आली, वर बघितलं, खाली बघितलं, आणि टेप परत पिशवीत ठेवला.

"आंघोळीची जागा कुठे?" तिने विचारलं.

"सगळ्यात खाली," ऑल्बन म्हणाला.

"झोपायचं?"

"सगळ्यात वर."

"मिस्टर ट्रेथवी, तुम्ही इथे एकटेसुद्धा राहू नये असं मला वाटतं," ती म्हणाली आणि तिने कागदावर एक आडवी रेघ मारली.

मग मी माझ्या माणसांकडे शब्द टाकला. किंग्स्टनला आमच्या लोकांनी म्हाताऱ्यांसाठी विटांची बैठी घरं बांधली होती, एकाला एक चिकटून. तीन महिन्यांपुरतं आठ नंबरचं मिळालं. एक खोली, छोटंसं स्वयंपाकघर, धरायला सगळीकडे दांड्या, आणि खिडक्यांना बेज रंगाचे जाड पडदे. ऑल्बन पहिल्यांदा आत आला तेव्हा दारातच थांबला. असल्या घरांवर तो तीस वर्षं वर्गात विनोद करत आला होता.

"तीनच महिने," तो मर्लला म्हणाला. "तोवर मी घर तुझ्यासाठी तयार करतो."

"कर," ती म्हणाली.

तिने मला हळूच एक काम सांगितलं. तिच्या आईचं एक कपाट होतं, काळपट लाकडाचं, अवाढव्य. एकोणसत्तरपासून ते माझ्या कारखान्यात मागच्या भिंतीला उभं होतं, कारण नव्या घरात ते कुठेच बसणार नव्हतं. "अजून आहे ना? आण," ती म्हणाली. दोन माणसं लावून आणलं. निम्मी खोली भरली. तिने त्याच्या दारावर हात ठेवला आणि बराच वेळ ठेवला.

ऑल्बनने समितीकडे अर्ज केला: जिन्यांना कठडे, मागच्या बाजूने लिफ्ट, लिफ्टमधून आत यायला तीन रुंद दारं. तीन महिन्यांत उत्तर यायला हवं होतं, आलं आठ महिन्यांनी. सुनावणीला या.

मी बरोबर गेलो. पाच माणसं टेबलामागे बसली होती आणि मध्ये अध्यक्ष म्हणून लिओनी गॅफ्नी. ऑल्बनचीच विद्यार्थिनी. पंचवीस वर्षांपूर्वी रविवारी घर बघायला यायची तेव्हा मी तिला पाहिलेलं.

"सर, बसा ना," ती म्हणाली.

"उभाच राहतो. बसलं की माझा राग निघून जातो."

त्याने सगळं नीट सांगितलं. बायकोची अवस्था, पायऱ्यांची संख्या, आंघोळीची जागा. लिओनी ऐकत होती. मग तिने समोरचा कागद उचलला.

"सर, मला हे वाचावं लागतंय, राग मानू नका. 'या घरातल्या जिन्यांना कठडा नाही, आणि हे चुकून राहिलेलं नाही. कठडा आला की जिना हा जिना राहत नाही, तो धोक्याची पाटी होतो. या घरातली एक पायरी, एक सांधा, लाकडाचा एक रंग जरी बदलला तरी घराचं मोल जाईल.' हे तुमच्या अर्जातलं आहे."

"माझंच आहे. चुकलं."

"काय चुकलं, सर? वाक्य की घर?"

 मी त्याच्या पाठीमागे बसलो होतो, मला त्याचा फक्त मानेचा भाग दिसत होता. तो लाल झाला.

"घर," तो म्हणाला. "घर चुकलं. चौतिसाव्या वर्षी माझे गुडघे चांगले होते आणि मला वाटलं सगळ्यांचेच तसे असतात, कायमचे. लिहून घ्या."

कुणी लिहून घेतलं नाही. टेबलाच्या टोकाला बसलेले एक म्हातारे गृहस्थ फार सौम्यपणे बोलले. "ट्रेथवी, तुम्ही बायकोच्या काळजीने बोलताय. आम्ही समजू शकतो. पण दुःखात माणूस स्वतःच्या कामाचा नीट न्याय करू शकत नाही. या घराचं रक्षण आम्हाला कुणापासूनही करायचं आहे. तुमच्यापासूनसुद्धा."

अर्ज फेटाळला गेला. बाहेर आल्यावर आम्ही कोपऱ्यावरच्या दुकानातून मटणाचे पॅटिस घेतले आणि गाडीतच बसून खाल्ले. ऑल्बनच्या कोटावर रस्सा सांडला.

"मी त्यांना इतकं नीट शिकवायला नको होतं," तो म्हणाला.

त्याने हार मानली नाही. पंचाहत्तराव्या वर्षी तो पुन्हा आरेखनाच्या फळीवर बसला. नवा अर्ज असा होता, की घराला एक स्क्रूसुद्धा लागणार नाही. मागच्या बाजूला स्वतःच्या पायांवर उभी अशी काचेची बारीक लिफ्ट, तीन पातळ्यांना खिडकीपाशी थांबणारी. खिडक्या मूळच्याच उघडणाऱ्या, त्यांना फक्त उंबऱ्यावर एक सुटी फळी. कठड्याऐवजी जमिनीवर नुसते ठेवलेले, उचलून नेता येणारे खांब. उद्या सगळं काढलं तर घर पुन्हा होतं तसं. मी वीस वर्षांत त्याला इतकं आनंदात पाहिलं नव्हतं. रोज सकाळी फोन यायचा: वीबे, तो पाया चार इंच मागे घे, वीबे, काचेभोवतीची पट्टी ब्लॅकवुड लाकडाची कर. मर्लकडे तो संध्याकाळी जायचा आणि तिला नकाशे दाखवायचा. ती बघायची. "आठ नंबर"चे तीन महिने वाढत वाढत दीड वर्षावर गेले होते. तिथल्या बायकांबरोबर ती पत्ते खेळायची, डच बिस्किटं करायला शिकली होती आणि शेजारच्या म्हाताऱ्याला इंग्रजी पत्रं लिहून द्यायची.

मंजुरी आली. मी बांधलं. दोन हजार दहाच्या ऑक्टोबरात, डोंगरावर वाराताची लाल फुलं आली होती तेव्हा, आम्ही मर्लला घेऊन वर गेलो. ऑल्बनने खुर्ची लिफ्टमध्ये ढकलली, बटण तिला दाबू दिलं. ती स्वयंपाकघराच्या पातळीवर उतरली, फळीवरून आत आली. त्याने बैठकीच्या जागी तिचा पलंग मांडला होता, शेजारी दिवा. चहा केला. कप तिच्या उजव्या हाताशी ठेवला.

तिने चहा संपवला. चहूकडे बघितलं.

"छान केलंयस, ऑल्बन. खरंच छान केलंयस," ती म्हणाली. "आता मला घरी सोड."

तो माझ्याकडे बघायला लागला. त्याला वाटलं तिचं डोकं भरकटलं.

"मर्ल, हेच घर आहे."

"हे तुझं. माझं खाली आहे, आठ नंबरचं."

"आपण इथे चाळीस वर्षं राहिलो."

"तू राहिलास. मी इथे पाहुणे येण्यापूर्वी सामान लपवत आले. मला आता रात्री पडदा ओढता येतो, ऑल्बन. दार लावून रडताही येतं. एकदाच रडले, पण दार लावून."

"मग तू कधी बोलली का नाहीस?"

"बोलले की. मेलबर्नच्या वेळी बोलले. तुला फक्त 'घर विकू' एवढंच ऐकू आलं." ती थांबली, जड जिभेला विश्रांती दिली. "आणि नंतर काय बोलणार? तुझं नाव या घरावर चाललं होतं. ब्रॉनविनची शाळा, वीबेचं काम, आपलं जेवण, सगळं या घरावर. तक्रार कुणाकडे करायची?"

मी बाहेर जायला निघालो, तर ती म्हणाली, "वीबे, तू कुठे चाललास? मला खाली तूच नेणार आहेस."

मी नेलं. गाडीच्या आरशात मला ऑल्बन दिसत होता, लिफ्टच्या दाराशी उभा. तो बरोबर आला नाही.

त्यानंतरची पाच वर्षं त्याने ज्या रीतीने काढली ती सांगायला सोपी आहे, कारण रोज तेच होतं. घर विकायला काढलं. सिडनीचं एक जोडपं आलं, प्रेमातच पडलं, आणि वर आणखी एक न्हाणीघर करता येणार नाही हे कळल्यावर परत फिरकलं नाही. दुसरे एक आले, त्यांना लहान मुलं होती. मुलांनी पायऱ्या पाहिल्या आणि आईने मुलांना पाहिलं. झालं. ज्या संस्था जुन्या वास्तू सांभाळतात त्यांना देऊ केलं, तर त्यांनी देखभालीचा निधीही मागितला, तो त्याच्याकडे नव्हता. रिकामं ठेवलं तर विमा रद्द, कारण हा वणव्याचा डोंगर. पन्हळी साफ ठेवणं, लाकडाला तेल देत राहणं, हे संरक्षित घराच्या मालकाचं बंधनच. म्हणजे कुणीतरी तिथे राहायला हवं होतं, आणि तो एकटाच होता. "आठ नंबर"मध्ये एकच पलंग मावायचा, आणि पाहुण्यांनी रात्री राहायचं नाही असा तिथला नियम.

मग तो सकाळी दहाच्या बसने खाली उतरायचा, दुपारचं जेवण मर्लबरोबर करायचा, आणि चार चाळीसच्या बसने वर जायचा. पहिले काही महिने दोघं फारसं बोलत नसत. तो पेपर वाचायचा, ती विणायची. त्याचे गुडघेही गेले होते, म्हणून बायकोसाठी केलेली लिफ्ट तोच वापरायचा. वर्षातून दोनदा विद्यार्थी यायचे, आणि तो त्यांना वरपासून खालपर्यंत फिरवायचा. एकाने विचारलं, सर, इथे राहायला कसं वाटतं? तो म्हणाला, उजेड पुष्कळ आहे.

एकदा मी तिथे असताना त्याने पिशवीतून एक जुना पिवळा पडलेला कागद काढला आणि मर्लच्या मांडीवर पसरला. तो अंगणाच्या घराचा नकाशा होता. तिने चष्मा लावला, बोटाने खोलीतून खोलीत फिरली.

"याला दारं आहेत," ती म्हणाली.

"आहेत."

"कुणाचं आहे?"

"एका डॉक्टरांचं. त्यांना नको होतं."

"मला चाललं असतं," मर्ल म्हणाली. तिने तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवायला लावला. त्या दिवशी ऑल्बनची बस चुकली आणि मी त्याला वर सोडलं. 

दोन हजार पंधराच्या जुलैत, ऐन हिवाळ्यात, बर्फ पडलं होतं त्या दिवशी, दहाच्या बसने तो आला नाही. मर्लने मला फोन केला. रस्ता बंद होता, तो उघडेपर्यंत दुपारचे तीन वाजले. वर गेलो तर वीज गेलेली, आणि ऑल्बन लिफ्टमध्ये, दोन पातळ्यांच्या मध्ये, काचेत. सकाळी नऊला निघाला होता. खाली उतरवायची बॅटरी थंडीने बसली होती. अंगात कोट, गळ्यात मर्लने विणलेला मफलर, स्टुलावर बसलेला.

"वीबे, बटण दाबून काही होत नाही," तो काचेतून म्हणाला. "घाई नको करू. मी बसलोय."

हाताने फिरवायचं चाक मी खाली बसवलं होतं. एका फेऱ्याला बोटभर. अर्धा तास लागला. त्याला जागं ठेवायला मी बोलत राहिलो.

"काय करत होतास इतका वेळ?"

"घर बघत होतो. या बाजूने कधी बसून पाहिलं नव्हतं."

"कसं आहे?"

बराच वेळ त्याचं उत्तर आलं नाही. मी चाक थांबवलं.

"बरं आहे," तो म्हणाला. "सांडपाण्याचा पाइप चुकीच्या जागी आहे. फिरव तू, थांबू नको."

थंडी छातीत गेली होती. रुग्णालयात आठ दिवस होता. मर्लला मी रोज खुर्चीतून नेत असे. ती त्याच्या पलंगाभोवतीचा पडदा ओढून घ्यायची आणि मला बाहेर थांबायला सांगायची, त्यामुळे त्या आठ दिवसांत दोघं काय बोलली ते मला माहीत नाही. नवव्या दिवशी पहाटे तो गेला. पेपरात अर्धं पान आलं. फोटो घराचाच होता.

घर अजून विकलं गेलेलं नाही. ब्रॉनविन पर्थहून एका राखणदाराची सोय करते, आणि पन्हळी मी बघतो, जिथवर शिडीवर चढता येतं तिथवर. गेल्या वर्षी समितीने घराच्या फाटकाशी ऑल्बनच्या नावाची पाटी बसवायचं ठरवलं. लिओनी गॅफ्नी स्वतः आमंत्रण घेऊन आठ नंबरला आली, मर्लसाठी गाडी पाठवते म्हणाली. मर्लने तिला चहा दिला, बिस्किटं दिली, तारीख विचारली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"गुरुवारी नाही जमायचं," ती म्हणाली. "गुरुवारी केस कापणारी येते. वीबेला घेऊन जा."

मी गेलो. पाऊणशे माणसं होती. भाषणं झाली, पाटीवरचं कापड काढलं, आणि मग सगळ्यांना आत सोडलं, एका वेळी दहा-दहा. परतीच्या वाटेवर मी मर्लकडे थांबलो. तिने केस अगदी आखूड करून घेतले होते. कसा झाला कार्यक्रम, तिने विचारलं. मी सांगितलं, चांगला झाला, गर्दी होती. कुणी पडलं का, तिने विचारलं. नाही म्हणालो. मग तिने मला बसायला सांगितलं आणि आतून पत्ते आणायला लावले.